मावळचे आमदार आणि गोरेगावच्या बाई

१९५७ च्या विधानसभा निवडणुकीत मावळातून रामचंद्र काशिनाथ म्हाळगी निवडून आले. लोक त्यांना रामभाऊ म्हणत. भारतीय जनसंघ तेव्हा महाराष्ट्रात मूठभर कार्यकर्त्यांचा पक्ष होता. घाटाखाली, मुंबईच्या वेशीवरच्या गोरेगावात त्याच सुमारास मृणाल गोरे महिला मंडळ, कुटुंबनियोजन आणि ग्रामपंचायत यांच्या कामात गुंतलेल्या होत्या. त्या समाजवादी. वीस वर्षांनी, मार्च १९७७ मध्ये हे दोघेही एकाच लोकसभेत जाऊन बसले. म्हाळगी ठाण्याचे खासदार झाले, गोरे मुंबई उत्तरच्या. दोन मतदारसंघ एकमेकांच्या शेजारचे, पक्षही एकच, जनता पक्ष.

म्हाळगी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेत घडले होते, तर गोरे राष्ट्र सेवा दलात. महाराष्ट्रात या दोन शाळांचे कधी जमले नाही. सेवा दलाची स्थापनाच संघाच्या प्रभावाला उत्तर म्हणून झाली, हे उघड आहे. तरीही दोघांच्या वाटचालीचा आराखडा जवळजवळ सारखाच निघतो. आधी पदाविना वर्षानुवर्षे काम, गोरे यांच्या बाबतीत मग स्थानिक निवडणूक, मग विधानसभा, आणीबाणीतला तुरुंग आणि शेवटी दिल्ली. सामाजिक कार्यकर्ता खासदार होतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यायला ही जोडी सोयीची आहे. विचार वेगळे असल्यामुळे सारखेपणा कशाचा, हे स्वच्छ दिसते.

म्हाळगींचा जन्म ९ जुलै १९२१ चा, गाव कडूस. ते मावळाला लागूनच असलेल्या खेड तालुक्यात येते. त्यांनी संघाचे प्रचारक म्हणून काम केले आणि कायद्याचेही शिक्षण घेतले. १९५१ मध्ये जनसंघ निघाल्यावर महाराष्ट्रात त्याची बांधणी करणाऱ्यांत ते होते. पक्ष बांधायचा म्हणजे तेव्हा गावोगाव हिंडायचे, ओळखीच्या घरी उतरायचे आणि दहा-बारा माणसांच्या बैठका घ्यायच्या.

ज्या मावळाने त्यांना निवडून दिले तो आजच्यासारखा बंगल्यांचा आणि शनिवार-रविवारच्या गर्दीचा नव्हता. लोणावळा हे रेल्वेमुळे वाढलेले थंड हवेचे ठिकाण होते आणि तळेगाव दाभाडे शिक्षणसंस्थांसाठी प्रसिद्ध होते. तालुक्याची कचेरी वडगावला होती. बाकीचा तालुका आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांमध्ये विखुरलेला होता. पावसाळ्यात लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. ओढे भरले की आतल्या वाड्या तुटायच्या. भात हे मुख्य पीक होते. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे धरणे बांधून १९१५ पासून ते पाणी खोपोलीला उतरवले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. मावळाच्या पाण्यावर मुंबई उजळत होती, त्या वेळी मावळातल्या बहुतेक वाड्यांत रॉकेलची चिमणी होती.

अशा तालुक्यात जनसंघाचा माणूस निवडून येण्याचे कारण एकट्या पक्षात शोधून सापडणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले होते आणि पश्चिम महाराष्ट्र संतापलेला होता. संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि जनसंघ असे एरवी एका पंगतीला न बसणारे पक्ष एकत्र आले. १९५७ मध्ये समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे पानिपत केले. त्या लाटेत म्हाळगी आले. १९६२ मध्ये लाट ओसरली, जनसंघाला महाराष्ट्रात एकही जागा मिळाली नाही आणि म्हाळगी पाच वर्षे विधानसभेबाहेर राहिले. १९६७ आणि १९७२ मध्ये ते पुण्यातून पुन्हा निवडून आले.

लाटेत निवडून आलेले पुष्कळ असतात. म्हाळगी वेगळे ठरले ते आमदारकीच्या रोजच्या कामामुळे. आपण सभागृहात वर्षभर काय मांडले, कोणत्या प्रश्नाला सरकारने काय उत्तर दिले आणि मतदारसंघातल्या कोणत्या कामाचे काय झाले, याचा अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. दुकानदार जसा वर्षाचा ताळेबंद मांडतो तसा लोकप्रतिनिधीने आपल्या कामाचा मांडावा, ही त्यामागची कल्पना. आज खासदार-आमदारांचे गुळगुळीत कागदावरचे कार्यअहवाल निघतात आणि त्यात उद्घाटनांची छायाचित्रेच जास्त असतात. त्या काळी असा अहवाल देण्याची पद्धतच नव्हती आणि मागायला कोणी बसलेले नव्हते.

या पद्धतीचे महत्त्व कळण्यासाठी विरोधी आमदाराच्या हातात किती कमी असते, हे पाहावे लागते. त्याच्याकडे खाते नसते, निधी नसतो आणि अधिकाऱ्यावर हुकमत नसते. असतात ती विधिमंडळाची आयुधे. प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना देता येते, अर्थसंकल्पावर कपात सूचना मांडता येते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. आधी नोटीस द्यावी लागते, मग क्रम लागतो आणि पुष्कळदा प्रश्न पुकारला जाण्याआधीच तास संपतो. म्हणून सभागृहात आवाज चढवणाऱ्यापेक्षा कागद नीट ठेवणारा सदस्य प्रशासनाला अधिक अडचणीचा वाटतो. मागच्या अधिवेशनात दिलेले आश्वासन तारखेसह वाचून दाखवणाऱ्या माणसाला टोलवता येत नाही. शाखेच्या कामात बैठकीची नोंद, हिशेब आणि वेळ पाळण्याची सवय लागते. म्हाळगींनी ती सवय विधानसभेत नेली.

मृणाल गोरे यांनी विधानसभेत वेगळी सवय नेली. त्यांचा जन्म २४ जून १९२८ चा, माहेरचे आडनाव मोहिले. डॉक्टर व्हायचे म्हणून त्या वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. सेवा दलाच्या कामात पडल्या आणि ते शिक्षण अर्धवट सोडले. सेवा दलातलेच कार्यकर्ते केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला आणि दोघांनी गोरेगावात बिऱ्हाड थाटले. गोरेगाव तेव्हा मुंबई महापालिकेत नव्हते, तिथे ग्रामपंचायत होती. अंधेरीपर्यंतची उपनगरे १९५० मध्ये महापालिकेत आली, त्यापुढची दहिसरपर्यंतची १९५७ मध्ये. मुंबईतली महागाई न परवडणारी नोकरदार कुटुंबे गोरेगावात येत होती. चाळी आणि झोपड्या वाढत होत्या, त्या मानाने नळ, गटारे आणि शाळा वाढत नव्हत्या.

गोरे दांपत्याने इथे जे केले त्याला आजच्या भाषेत वस्तीपातळीवरचे समाजकार्य म्हणता येईल. बायकांना एकत्र आणणे, कुटुंबनियोजनाचे केंद्र चालवणे, सफाई कामगारांचे प्रश्न घेणे ही कामे त्यात आली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा विषय एका तरुण बाईने दारोदार जाऊन काढणे सोपे नव्हते. त्या काळात त्या ग्रामपंचायतीवरही निवडून गेल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दोघेही होते. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले. मृणालताई तिशीच्या होत्या, पदरी लहान मुलगी होती. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात अशा वेळी सार्वजनिक काम सुटले असते तर कोणी नवल केले नसते. त्यांनी काम वाढवले. पतीच्या स्मरणार्थ उभा राहिलेला केशव गोरे स्मारक ट्रस्ट पुढे गोरेगावातल्या चळवळींचे हक्काचे ठिकाण झाला.

१९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि तिथे त्यांना ज्या नावाने देश पुढे ओळखू लागला ते नाव मिळाले. तानसा आणि वैतरणेचे पाणी घेऊन जाणारे मोठे नळ उपनगरांतूनच शहराकडे जातात. त्या नळांच्या आसपास राहणाऱ्या वस्त्यांना मात्र पाणी मिळत नव्हते. सार्वजनिक नळावर रात्री-अपरात्री रांग लागे आणि रांगेत उभ्या असत त्या बायका. पाण्याचा प्रश्न घरातल्या बाईचा आहे, म्हणून मोर्चाही तिनेच काढायचा, हे गोरे यांचे सूत्र होते. हंडे-कळशा घेतलेल्या बायका महापालिकेच्या अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन बसू लागल्या. सभागृहात नगरसेविका बोलत आणि रस्त्यावर तिच्याच वस्तीतल्या बायका उभ्या राहत. गोरेगावला पाणी आले आणि मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ झाल्या.

१९७२ हे साल दुष्काळाचे. त्याच वर्षी गोरे विधानसभेवर निवडून गेल्या आणि त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, समाजवादी प्रमिला दंडवते आणि कमल देसाई अशा निरनिराळ्या पक्षांतल्या बायका तिच्यात होत्या. रेशनवर धान्य, साखर, तेल, रॉकेल मिळत नव्हते, मिळाले तर निकृष्ट मिळत होते. समितीने लाटणे हे आंदोलनाचे हत्यार केले. लाटणी उगारलेल्या बायकांचे मोर्चे मंत्र्यांच्या दारात धडकू लागले. ठरल्या वेळी घराघरांतून लाटण्याने थाळ्या बडवल्या जात, म्हणजे मोर्चाला न येऊ शकणारी बाईसुद्धा खिडकीत उभी राहून आंदोलनात सामील होई. लाटण्यावर बंदी घालता येत नाही आणि ते हत्यार म्हणून जप्त केले तर सरकारचेच हसे होते. विनोद आणि धाक या दोन्हींचे असे मिश्रण महाराष्ट्राच्या आंदोलनांत फार वेळा साधलेले नाही.

आणीबाणी २५ जून १९७५ रोजी पुकारली गेली. गोरे काही काळ भूमिगत राहिल्या, पुढे पकडल्या गेल्या. म्हाळगीही तुरुंगात होते. संघाचे आणि सेवा दलाचे कार्यकर्ते त्या काळात एकाच बराकीत राहिले, वादही घालत राहिले. जनता पक्षाचे कडबोळे तिथेच वळले गेले.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. त्यांतल्या दोन बायकांनी जिंकल्या. मुंबई उत्तरमधून मृणाल गोरे आणि मुंबई उत्तर मध्यमधून अहिल्या रांगणेकर, लाटणे मोर्चातल्या दोघी शेजारणी. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पडल्या होत्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा लोकांच्या तोंडी झाली. त्या लोकसभेत सगळ्या देशातून मिळून १९ स्त्रिया होत्या. लोकसभेच्या इतिहासातला हा नीचांक आहे. स्वातंत्र्यानंतरच्या सर्वांत मोठ्या सत्तांतरात बायकांच्या वाट्याला इतके कमी आले, हे त्या विजयाच्या गुलालात फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी मृणाल गोरे यांना आरोग्य खात्याचे मंत्रिपद देऊ केले. त्यांनी ते घेतले नाही. त्यांच्या या नकाराकडे त्यागाची गोष्ट म्हणून पाहिले जाते, पण त्यात हिशेबही दिसतो. त्यांची ताकद वस्तीत होती. मंत्रालयाच्या फायलींत अडकलेली पाणीवाली बाई गोरेगावच्या नळावर उभी राहू शकली नसती. उलट बाजूने असेही म्हणता येईल की कुटुंबनियोजनाचे काम केलेल्या, वैद्यक शिकलेल्या बाईच्या हाती देशाचे आरोग्य खाते आले असते तर आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीने बदनाम झालेला तो कार्यक्रम सावरायला मदत झाली असती. संधी गेली हे खरे.

लोकसभेत त्या दोन वर्षे आणि काही महिनेच राहिल्या. जनता सरकार कोसळले आणि ऑगस्ट १९७९ मध्ये लोकसभा बरखास्त झाली. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने ३५३ जागा जिंकल्या. त्या लाटेच्या विरुद्ध ठाण्यात म्हाळगी दुसऱ्यांदा निवडून आले. त्यांचा मतदारसंघ लोकलच्या वेळापत्रकावर जगणारा होता. सकाळी मुंबईला आणि संध्याकाळी ठाणे, डोंबिवली, कल्याणला परतणाऱ्या चाकरमान्याला खासदाराकडून काय हवे असते, तर गाड्या, फलाट, पाणी. असा मतदार लाटेला भुलतोच असे नाही, आणि कागद घेऊन पाठपुरावा करणारा खासदार त्याला पटतो. १९५७ मध्ये लाटेबरोबर आलेला माणूस १९८० मध्ये लाटेच्या विरोधात टिकला, त्यामागे मधली तेवीस वर्षे होती. ६ मार्च १९८२ रोजी म्हाळगी गेले. लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यासाठी त्यांच्या नावाने रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी त्याच वर्षी सुरू झाली. भाईंदरजवळ उत्तन इथे तिचे मोठे संकुल आहे.

कार्यकर्त्याने कायदेमंडळात जाणे ही काही आपल्याकडचीच रीत नाही. इंग्लंडात क्लेमंट ॲटली हे सुखवस्तू घरातले वकील १९०५ मध्ये पूर्व लंडनच्या स्टेपनी भागातल्या गरीब मुलांच्या क्लबात जाऊ लागले, पुढे तिथेच राहिले. गोदी कामगारांची ती वस्ती पाहून ते समाजवादी झाले. त्यांनी समाजकार्य शिकवले, १९२० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, १९१९ मध्ये स्टेपनीचे महापौर झाले, १९२२ मध्ये त्याच भागातल्या लाइमहाउसमधून खासदार आणि १९४५ मध्ये पंतप्रधान. त्यांच्याच सरकारने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. भारताच्या स्वातंत्र्याचा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीतला.

अमेरिकेत जेनेट रँकिन समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेऊन स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत आल्या आणि १९१६ मध्ये काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांनी दोन्ही महायुद्धांत अमेरिकेने उतरण्याविरुद्ध मत दिले. डिसेंबर १९४१ मध्ये असे मत देणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाल्टिमोरच्या बार्बरा मिकल्स्की यांची गोष्ट गोरेगावच्या अधिक जवळची. त्या व्यवसायाने समाजकार्यकर्त्या होत्या. जुन्या वस्त्या पाडून जाणाऱ्या महामार्गाविरुद्ध त्यांनी रहिवाशांना उभे केले. रस्ता अडला, त्या १९७१ मध्ये नगर परिषदेवर गेल्या आणि जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात. पुढे २०१७ पर्यंत त्या सिनेटर होत्या.

या परदेशी उदाहरणांत एक गोष्ट आपल्याकडून वेगळी आहे. तिथे समाजकार्य हा शिकून करायचा, पगारी व्यवसाय म्हणून आधी रुजला. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली. तिथून शिकलेली माणसे रुग्णालये, कारखाने, बालगृहे आणि संस्थांत गेली. राजकारणात गेलेली क्वचितच. पुण्याच्या उद्योजक अनु आगा टाटा संस्थेतून वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य शिकल्या होत्या आणि २०१२ ते २०१८ या काळात राज्यसभेवर होत्या, पण त्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या, निवडणूक लढवून गेलेल्या नव्हेत. निवडणुकीच्या वाटेने गेलेले म्हाळगी आणि गोरे समाजकार्य शिकले ते शाखेच्या मैदानावर, सेवा दलाच्या शिबिरात आणि मोर्चात.

दिल्लीहून परतल्यावर गोरे यांचे काम थांबले नाही. खरे तर त्यांच्या आयुष्यातली सर्वांत टिकाऊ कामे खासदारकीनंतरची आहेत. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोठ्या मालकांकडची जादा जमीन घरांसाठी घेता येत होती, पण ती जमीन प्रत्यक्षात गरिबांपर्यंत येत नव्हती. बाबूराव सामंत, पी. बी. सामंत आणि मृणाल गोरे यांनी नागरी निवारा परिषद काढून हा प्रश्न लावून धरला, न्यायालयात गेले आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या बाजूला अल्प उत्पन्न गटासाठी सुमारे सहा हजार घरे उभी राहिली. मुंबईत घर देण्याचे आश्वासन देणारे पुष्कळ झाले, सहा हजार दारांना कुलपे लावून किल्ल्या देणारे थोडे.

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि १९८८-८९ मध्ये विरोधी पक्षनेत्या झाल्या. या काळात त्यांनी हाती घेतलेला विषय म्हणजे गर्भलिंगनिदान. गर्भजल चाचणीचा उपयोग मुलगी असल्यास गर्भ पाडण्यासाठी सर्रास होत होता. १९८६ च्या सुमारास मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाहणीत ४२ जण ही चाचणी करत असल्याचे आढळले होते. गर्भलिंगनिदानविरोधी मंच, स्त्री संघटना आणि काही डॉक्टर रस्त्यावर आणि वर्तमानपत्रांत हा विषय लढवत होते. गोरे यांनी १९८६ मध्ये विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक. ते मंजूर होणे जवळजवळ अशक्य असते. संसदेत स्वातंत्र्यापासून अशी १४ विधेयकेच कायदा झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० मधले आहे. पण अशा विधेयकाने सरकारला भूमिका घ्यावी लागते. दबाव वाढला आणि राज्य सरकारने स्वतःचा कायदा आणला. १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून देशभर लागू झाला. राज्याच्या कायद्याची अंमलबजावणी ढिली होती, ही तक्रार तेव्हाही होती. तरी आज सोनोग्राफी केंद्राच्या दाराशी ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी जी पाटी दिसते, तिचा उगम शोधत गेले तर १९८६ च्या त्या विधेयकापर्यंत जावे लागते.

म्हणजे गोरे यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी पायरी लोकसभा असली, तरी सर्वांत मोठे फळ विधानसभेत आणि गोरेगावच्या जमिनीवर आले. म्हाळगींचेही तसेच. खासदार म्हणून त्यांनी जे केले त्याची रीत मावळच्या आमदारकीत पडलेली होती. १७ जुलै २०१२ रोजी मृणाल गोरे यांचे वसई येथे निधन झाले. गोरेगावच्या एका उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे.

त्यांच्या काळापेक्षा आजची वाट कायद्याने रुंद झाली आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायती आणि नगरपालिकांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. वडगावच्या, लोणावळ्याच्या किंवा आंदर मावळातल्या एखाद्या गावच्या सरपंच-नगरसेविकेला पहिली पायरी आता राखीव आहे. दुसरा मोठा बदल पैशाचा. १९७७ मध्ये खासदाराकडे स्वतःचा निधी नव्हता, बोलणे आणि पाठपुरावा एवढेच होते. डिसेंबर १९९३ पासून खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना आली आणि आता वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. त्यामुळे समाजमंदिर आणि रस्त्याचा तुकडा यांत खासदाराचे मूल्यमापन होऊ लागले, आणि सभागृहात विचारलेला प्रश्न मतदारांच्या गणतीतून गळाला. हा सौदा फायद्याचा झाला असे म्हणवत नाही.

मावळात पाणी हा विषय अजून संपलेला नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे बंद जलवाहिनी नेण्याला शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ द्रुतगती महामार्गावर आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जण मृत्युमुखी पडले, त्यांत एक स्त्री होती. गोरेगावात नळ दारावरून जात होता आणि पाणी मिळत नव्हते, मावळात धरण दारात आहे आणि पाणी कोणाचे यावर भांडण आहे.

मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ मध्ये मावळ हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ झाला. त्यात पुणे जिल्ह्यातले मावळ, चिंचवड, पिंपरी आणि रायगडमधले पनवेल, कर्जत, उरण असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. २००९ मध्ये गजानन बाबर आणि २०१४, २०१९, २०२४ मध्ये श्रीरंग बारणे इथून निवडून आले. बारणे यांची सुरुवात पिंपरी-चिंचवडच्या नगरसेवकपदापासून झाली, म्हणजे पायऱ्यांची जुनी रीत इथे चालू आहे. २०२४ च्या लोकसभेत देशभरातून ७४ स्त्रिया निवडून आल्या, महाराष्ट्रातून ७. मावळातून आजवर एकही स्त्री लोकसभेवर गेलेली नाही.